आप्पांच्या पायमोज्यांच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज, निफाड

ओवाळून झालं, जेवणं उरकली आणि मी आप्पांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून टेप घेऊन खाली बसले. आप्पांचं वय ७८, साखर वीस वर्षांपासून. गेली दोन-तीन वर्षं पावलांना फारसं कळत नाही. दसऱ्याच्या सुमारास उजव्या करंगळीजवळ फोड आला, फुटला, तरी त्यांना पत्ता नव्हता. वहिनीला मोजे धुताना डाग दिसला म्हणून समजलं. विकतच्या मोज्याची चवड्यावरची शिवण नेमकी तिथे घासत होती. एवढीशी जखम, पण भरायला तीन आठवडे गेले.

डॉक्टरांनी तेव्हा बजावलंय: आतून शिवण नको, वर घट्ट इलॅस्टिक नको, रंग फिका हवा (रक्त किंवा पाणी आलं तर लगेच दिसावं म्हणून), आणि अंगठ्याची चप्पल बंद. म्हणजे बूट आले, आणि बूट आले की मोजे आलेच. ते मी विणणार. स्वेटर, कानटोप्या, बाळंतविडे तीस वर्षं विणतेय, पण मोठ्या माणसाचे मोजे आजवर दोनच जोड्या केलेत, त्याही एकाच पद्धतीने.

उजव्या पायाची मापं सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला अशी दोनदा घेतली, कारण दिवसभरात सूज चढते. चवड्याचा घेर सकाळी २३.२ सेंमी, संध्याकाळी २४. लांबी २६. पोटरीवर मोज्याची वरची कड येईल तिथे २६, संध्याकाळी २७.५. आणि एक माप मी आधी कधी घेतलं नव्हतं: टाचेच्या टोकाखालून घोट्यापुढच्या खाचेवर येणारा तिरका घेर. तो ३३.५ भरला. पाय घालताना मोज्याला सगळ्यात जास्त ताणावं लागतं ते इथेच. आप्पांचं पाऊल वरून उंच आहे, त्यामुळे हा आकडा मोठा.

५ नोव्हेंबर, नाशिक

धागा ठरला. नणंद स्टुटगार्टला असते, ती दिवाळीला येताना रेगिया नावाच्या मोज्यांच्या लोकरीचे चार गुंडे घेऊन आली. ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, ५० ग्रॅमला २१० मीटर. रंग सायीसारखा. नायलॉन असल्याशिवाय टाच टिकत नाही, आणि लोकर यासाठी की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा पिऊनही हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही. दिवसभर बुटात राहणाऱ्या आणि काही न कळणाऱ्या पायाला ते नकोच.

१३ नंबरच्या सुयांवर, म्हणजे २.२५ मिमी, नमुना विणला. १० सेंमीत ३२ टाके आणि ४४ ओळी. नमुना धुऊन, सपाट वाळवून मगच मोजला. ही मशीनमध्ये धुता येणारी लोकर पाण्यातून काढली की जरा सैलावते. न धुता मोजला असता तर मोजा ढगळ झाला असता.

एरवी मोजा पायापेक्षा दहा टक्के लहान विणतात, म्हणजे तो अंगाला धरून राहतो. २४ च्या घेराला त्या हिशेबाने ६९ टाके येतात. मी ७२ धरले. मोजा २२.५ सेंमीचा होईल, संध्याकाळच्या सुजेवर सहा टक्केच ताण येईल. याहून सैल केला तर बुटात चुणी पडेल, आणि चुणी शिवणीइतकीच वाईट.

१० नोव्हेंबर, रविवार. निफाड

आईने ट्रंकेतून माझ्या भावाचे बाळंतविड्यातले मोजे काढले. दोन सुयांवर सपाट विणायचे, मग तळव्यातून आणि मागून शिवायचे, घोट्याशी नाडी ओवायची. तिच्या आईकडून आलेली पद्धत. अजून जरासुद्धा विरलेले नाहीत. बाळ चालत नाही, त्यामुळे तळव्यातली शिवण त्याला छळत नाही. आप्पांसाठी ही पद्धत बाद.

पण मोजा उलटा करून त्या शिवणीवरून बोट फिरवत असताना पुढच्या कामाची रीत सापडली. आप्पांना विचारून उपयोग नाही. टोचतंय का म्हटलं तर ते म्हणतात, "मला काही कळत नाही बघ." तेव्हा विचारायचं त्यांच्या कातडीला. मोजा घालून अर्धा तास बसायचं, काढल्याबरोबर पाय उजेडात बघायचा, जिथे जिथे वळ असेल तिथे कागदावरच्या पावलाच्या आकृतीत पेन्सिलने खूण करायची. तळव्यासाठी आई हात-आरसा धरेल. पंधरा मिनिटांनंतरही जो वळ दिसेल, ती जागा नापास.

१६ नोव्हेंबर, नाशिक

पहिला मोजा पुरा. पद्धत मला येत होती तीच, वरून खाली: आधी पोटरी, मग टाचेची पट्टी, टाच वळवणं, दोन्ही बाजूंना कळी, शेवटी चवडा.

७२ पैकी ३६ टाक्यांवर टाचेची पट्टी. सुलट ओळीला एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा. त्यामुळे मागे धागा आडवा जातो आणि पट्टी दुहेरी, जाड होते. नेहमी जेवढे टाके तेवढ्या ओळी, म्हणजे ३६ ओळी करतात. तो तिरका घेर डोक्यात होता म्हणून मी ४० केल्या. कडेला २० साखळ्या मिळाल्या.

टाच वळवणं हा मोज्यातला सगळ्यात सुंदर भाग. उलट बाजूने एक उचलून १८ विणले, दोन एकत्र, एक, आणि ओळ अर्धवट सोडून काम फिरवलं. सुलट बाजूने एक उचलून ३ विणले, दोन एकत्र, एक, पुन्हा फिरवलं. पुढे दर ओळीत एकेक टाका वाढवत जायचं, मागच्या वळणाशी पडलेली फट दोन टाके एकत्र करून बुजवायची. ३६ चे २० राहतात आणि सपाट पट्टीचा आपोआप वाटीसारखा खोलगट आकार होतो. दर वेळी मी इथे थांबून ती वाटी तळहातावर ठेवून बघते.

मग कडेच्या साखळ्यांतून २०-२० टाके उचलले. एकूण ९६. दर दुसऱ्या फेरीला दोन कमी करत बारा वेळा, की परत ७२. शिवणकामात झब्ब्याला कळी घालतो तसाच हा तिकोन पावलाच्या दोन्ही बाजूंना बसतो.

चवडा एकाआड एक फेरीला चार टाके कमी करत ३६ पर्यंत, मग प्रत्येक फेरीला करत १६ पर्यंत आणला. उरलेले आठ वरचे, आठ खालचे सुईदोऱ्याने जोडले. पुढच्या सुईवरून सुलट घेऊन काढायचा, उलट घेऊन ठेवायचा; मागच्या सुईवरून उलट घेऊन काढायचा, सुलट घेऊन ठेवायचा. हे पुटपुटतच करावं लागतं, मध्ये कुणी हाक मारली की चुकतं. या जोडाला किचनर म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे युद्धमंत्री असलेल्या लॉर्ड किचनर यांचं ते नाव, जे त्याआधी हिंदुस्थानात सरसेनापती होते. खंदकातल्या शिपायांची बोटं मोज्याच्या शिवणीने सोलवटत, म्हणून बिनशिवणीचा चवडा आला असं सांगतात. ती गोष्ट खरी असो वा नसो, दुखणं तेच आहे जे माझ्या घरात आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार. निफाड

पहिली परीक्षा. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढच्या खाचेत, एकही वळ नाही. ९६ टाक्यांनी काम केलं. आप्पांनी स्वतः मोजा चढवला, ओढाताण झाली नाही.

पण दोन जागा नापास. जिथे कळीसाठी टाके उचलले तिथे आतून उंचवटा राहतो. टाचेच्या दोन्ही अंगांना बोटभर लांबीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. आणि चवडा. जोड उत्तम झालाय, जोडावर काही नाही. मात्र जोडाच्या दोन टोकांशी कापड कानासारखं जरा बाहेर येतं, आणि त्यातला एक कान थेट करंगळीवर. मुगाच्या दाण्याएवढा खळगा. जुन्या फोडाची जागा तिथून अर्धा सेंमीसुद्धा लांब नाही.

आप्पा समोर बसून चहा पीत होते. मी तो खळगा अंगठ्याने चोळून मोकळा केला, तेही त्यांना कळलं नाही.

मोजा त्याच बैठकीला उसवला. आई म्हणाली, "अगं, पायात घालून राहू देत की, एवढा चांगला झालाय." तिला आकृतीवरची खूण दाखवली, मग तीच लोकर गुंडाळायला बसली.

२१ नोव्हेंबर, नाशिक

आता खालून वर. चवड्यापासून सुरुवात केली की जोडायचं काही उरतच नाही. दोन सुया एकीवर एक धरून धाग्याचे वेढे आळीपाळीने वरच्या-खालच्या सुईवर घ्यायचे. अमेरिकेतल्या ज्युडी बेकर यांनी २००६ मध्ये ही रीत मांडली, आणि ती खरोखर जादूसारखी आहे: दोन्ही सुयांवर जिवंत टाके आणि मधली रेघ बाकीच्या विणीसारखीच दिसणारी. पहिल्या दोन प्रयत्नांत खालच्या सुईवरचे टाके पिळले गेले. ते मागच्या बाजूने विणायचे असतात हे लक्षात आल्यावर जमलं.

नेहमी १२-१२ टाक्यांनी सुरू करतात, त्याने चवडा निमुळता होतो. आप्पांची बोटं पंख्यासारखी पसरट, म्हणून मी २०-२० घातले. पहिल्या चार फेऱ्यांत लागोपाठ चार-चार वाढवले, नंतर एकाआड एक. आठ वाढींत ७२. कोपरे गोल आले, कान नाहीत. मोजा माझ्या चार बोटांवर चढवून आतल्या बाजूने अंगठा फिरवला. सुरुवात कुठे झाली ते हाताला सापडत नाही, उजेडात धरून बघितलं तेव्हा डोळ्यांना सापडलं.

चवडा मिटला. इथून पुढे सगळा झगडा टाचेचा.

२४ नोव्हेंबर, रविवार. निफाड

खालून वर विणताना सगळ्यात सोपी टाच अर्ध्या ओळींची. ३६ टाक्यांवर मागे-पुढे विणायचं, दर ओळीला एक टाका अलीकडेच फिरायचं, मध्ये १२ राहिले की तसंच एकेक टाका परत घेत यायचं. पट्टी नाही, कळी नाही, टाके उचलणं नाही. फिरताना भोक पडू नये म्हणून टाक्याला धाग्याचा वेढा द्यायचा आणि परतताना तो वेढा टाक्याबरोबर विणायचा. ते वेढे आतून गाठींसारखे लागतात. आप्पांच्या टाचेच्या दोन्ही बाजूंना तिरकी ठिपक्यांची रांग उमटली. शिवाय घोट्यापुढे आडवा लाल पट्टा, बोटभर रुंद.

२८ नोव्हेंबर, नाशिक

टाच उसवून जर्मन रीतीने विणली. इथे वेढा द्यायचा नाही. फिरल्यावर पहिला टाका उचलून धागा सुईवरून मागे ताणायचा, म्हणजे त्या टाक्याचे दोन पाय वर येतात. परतताना ते दोन पाय एकच टाका समजून विणायचे. आतून बरंच सपाट. ही रीत मला फार आवडली, इथून पुढे बाळांच्या टोप्यांनाही हीच वापरणार.

१ डिसेंबर, रविवार. निफाड

ठिपके गेले. लाल पट्टा जागच्या जागी.

रात्री वही घेऊन बसले. चूक हातात नव्हती, हिशेबात होती. कळीच्या मोज्यात तिरक्या घेरापाशी ९६ टाके होते. या मोज्यात चवड्यापासून पोटरीपर्यंत ७२ चे ७२, त्या जागी एकही टाका जास्तीचा नाही. बेताच्या उंचीच्या पावलाला अर्ध्या ओळींची टाच छान बसते, कारण विण ताणली जाते. ३३.५ ला ती ताणून ताणून पट्टा होते. ज्याच्या पायाला कळतं तो माणूस मोजा काढून टाकेल. आप्पा तो दिवसभर घालून बसतील.

८ डिसेंबर, नाशिक

या रविवारी गेले नाही, सर्दी झालीय आणि आप्पांना ती द्यायची नव्हती. घरी बसून आणखी एक टाच विणून बघितली: मागाहून बसवायची टाच. विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांच्यामुळे ती विणणाऱ्यांत माहीत झाली. मोजा नळीसारखा सरळ विणत जायचा, टाचेच्या जागी ३६ टाके वेगळ्या रंगाच्या धाग्याने विणून ठेवायचे. सगळा मोजा झाला की तो धागा अलगद ओढून काढायचा. वर ३६, खाली ३६ टाके मोकळे होतात. त्यांवर चवड्यासारखीच टाच विणून मिटवायची. धागा काढताना टाके सुटतील म्हणून पोटात गोळा येतो, पण लोकर आपल्या जागी धरून राहते. कोपऱ्यांशी दोन-दोन टाके जास्त उचलले की भोकंही पडत नाहीत.

हिचा मोठा गुण म्हणजे टाच झिजली की तेवढीच उसवून नवी बसवता येते, बाकीच्या मोज्याला हात लावावा लागत नाही. पण शेवटचा जोड टाचेच्या मागे येतो, तिथेही त्याला दोन कान, आणि बुटाची कड नेमकी तिथे. खोली पण कमीच. आप्पांना घालून बघायचीही गरज नाही. माझ्या मुलाच्या पावलाला ही टाच बसेल, तो मोजे वर्षात फाडतो.

१३ डिसेंबर, निफाड

थंडी कडक. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर दिसत होता. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर जागतात लोक. आप्पा खाटेवर पाय शालीत गुंडाळून बसले होते. वहिनीला सांगून ठेवलंय, शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायांशी अजिबात न्यायची नाही. भाजलं तरी कळणार नाही.

शेजारच्या वाडीतल्या धनगरणीकडून हातकताईचं सूत घेतलं, दख्खनी मेंढीचं, काळं-करडं. घोंगडीचं हे सूत. नऊ नंबरच्या सुयांवर वीतभर विणून बघितलं. वास पहिल्या पावसात भिजलेल्या घोंगडीचा, लहानपणी आजोबांच्या खांद्यावरचा. केस राठ, मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं की टोचतात. पायाला चालणार नाही, पण आप्पांच्या खाटेखाली पाय टेकायला आसन करीन. फरशी फार गार असते.

१९ डिसेंबर, नाशिक

आता दोन्हींतलं चांगलं ते एकत्र करायचं: चवडा खालून वर, आणि टाचेला कळी. कळी इथे टाके कमी करून होत नाही, वाढवून होते. चवड्याच्या टोकापासून १५ सेंमी झाल्यावर तळव्याच्या दोन्ही कडांना दर दुसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवला, बारा वेळा. वरचे ३६ तसेच, खालचे ३६ चे ६०. एकूण ९६, पहिल्या मोज्याइतकेच.

मग मधल्या ३६ वर जर्मन रीतीने अर्ध्या ओळी, की टाचेची वाटी तयार. त्यानंतर तेच ३६ मागे-पुढे विणत पट्टी वर न्यायची, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पट्टीचा शेवटचा टाका कळीच्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा. दोन्हीकडचे बारा-बारा टाके चोवीस ओळींत संपतात आणि परत ७२.

हे विणत असताना कळलं की यात टाके उचलावेच लागत नाहीत. पहिल्या मोज्यात ज्या उंचवट्याने रेघा उमटल्या, तो या रचनेत जन्मालाच येत नाही. रात्री साडेअकरा वाजले होते, तरी सुया ठेववेनात.

२२ डिसेंबर, रविवार. निफाड

चवडा: वळ नाही. करंगळी: नाही. घोट्यापुढे: नाही. टाचेच्या बाजूंना दोन एकत्र विणलेल्या टाक्यांची फिकट रेघ, दहा मिनिटांत गेली. पट्टीच्या मागच्या आडव्या धाग्यांची टाचेवर जाळी उमटली होती, तीही जाईल असं वाटलं, पण पंधरा मिनिटांनी अस्पष्ट दिसत होतीच. माझ्याच नियमाने नापास, एवढ्याशा कारणाने. मोजा आप्पांकडेच ठेवून आले, घरात दिवसा घालतील. पुढच्या वेळी पट्टी साधी, एकेरी विणायची असं ठरवलं. मग ती टिकणार किती?

२५ डिसेंबर

सकाळी वहिनीचा फोन. आप्पांनी काल दुपारपासून मोजा घातला होता, रात्री तिने काढला आणि मी शिकवल्याप्रमाणे पाय बघितला. "ताई, एक पण वळ नाही, टाचेला सुद्धा नाही." मी म्हटलं, नीट बघ, दिवा लावून बघ. तिने पुन्हा बघितला. मग म्हणाली, "पण त्यांनी मोजा उलटा घातला होता हं, गाठीची बाजू बाहेर."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ नमुन्याचा तुकडा हातात घेऊन बसले. सुलट बाजू हनुवटीखाली फिरवली, मग उलट. सुलट बाजू पाण्यासारखी सरकते, उलट बाजूला प्रत्येक टाक्याचा दाणा आहे. इतकी वर्षं गुळगुळीत बाजू लोकांना दिसावी म्हणून बाहेर ठेवत आले. टाचेच्या पट्टीचे आडवे धागे, टाके कमी केल्याच्या कडा, ओवून लपवलेली धाग्याची टोकं, सगळा उंचसखलपणा उलट बाजूला जातो, आणि तीच बाजू आपण पायाला लावतो.

पट्टी दुहेरीच राहील. मोजा फिरेल.

२९ डिसेंबर, रविवार. निफाड

माझ्या डोळ्यांदेखत खात्री करून घेतली. डाव्या पायात मोजा सुलट, उजव्यात तोच मोजा उलटा, अर्धा-अर्धा तास. डाव्या टाचेवर जाळी, उजवी टाच स्वच्छ. मग पाय बदलून पुन्हा. तेच.

आईला ते रुचलं नाही. "चारचौघांत म्हातारा मोजे उलटे घालून फिरतोय म्हणतील." आप्पा म्हणाले, "बुटात कोण बघतंय? आणि बघितलं तर सांगेन, माझ्या लेकीने असेच विणलेत."

५ जानेवारी २०२५, नाशिक

खरी जोडी सुरू केलीय, दोन्ही मोजे एकाच लांब तारेच्या सुईवर शेजारी शेजारी. म्हणजे एकाची पकड घट्ट नि दुसऱ्याची सैल असं होत नाही, आणि फेऱ्या मोजायची चिंता नाही. दोन गुंड्यांचा गुंता होतो, दर फेरीनंतर काम एकाच दिशेला फिरवत राहिलं की पीळ चढतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरवायचं.

पोटरीकडे जाताना ७२ चे ८४ केले, मागच्या बाजूला सहा वाढींत. वरच्या पाच सेंमीला १२ नंबरची सुई आणि तीन सुलट, एक उलट. दोन-दोनची वीण जास्त आवळते आणि सुजलेल्या पोटरीवर उभ्या रेघा पाडते, हे पहिल्या मोज्याने दाखवलं होतं.

१२ जानेवारी, नाशिक

टाके बंद करणं. खालून वर विणलेल्या मोज्याचं सगळं भवितव्य या एका फेरीत असतं. नेहमीसारखे बंद केले तर कड दोरीसारखी होते, आणि घट्ट इलॅस्टिक नको म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. जेनी स्टेमन यांनी २००९ मध्ये मांडलेली रीत वापरली: प्रत्येक टाका विणण्याआधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा आणि टाका विणल्यावर तो वेढा त्याच्यावरून ओलांडून टाकायचा, मग असे दोन टाके झाले की पहिला दुसऱ्यावरून. प्रत्येक टाक्यापाशी धागा जास्तीचा राहतो, तेवढीच कड ताणते. बंद केल्यावर कड दोन्ही हातांनी ओढली, ३४ सेंमीपर्यंत गेली आणि सोडल्यावर परत आली.

धाग्याची टोकं उलट बाजूला, म्हणजे आता बाहेरच्या बाजूला, तिरकी ओवली. आप्पांना स्पर्शाने बाजू ओळखता येत नाही, म्हणून बाहेरच्या कडेवर निळ्या धाग्याचे तीन टाके घातले. निळं दिसलं की बरोबर.

दोन्ही मोजे मिळून ७८ ग्रॅम. कोमट पाण्यात धुऊन टॉवेलवर सावलीत वाळत घातलेत.

१४ जानेवारी. संक्रांत, निफाड

तीळगुळाबरोबर जोडी दिली. आप्पांनी निळे टाके शोधून दोन्ही मोजे स्वतः चढवले, बूट घातले आणि गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. दीड तास. परत आल्यावर आई आरसा घेऊन तयारच होती. आकृतीसाठी नवा कागद काढला होता, त्यावर काही लिहावं लागलं नाही. तारीख घालून तो कोरा कागद वहीत लावलाय.

२ फेब्रुवारी, रविवार. निफाड

सुमारे पंधरा दिवसांचा वापर, सहा-सात धुण्या. पोटरीची कड सैल पडलेली नाही. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या गादीखाली, वीण चपटी झालीय; आप्पा त्या पायावर भार जास्त देतात. विरलेली नाही, पण पुढच्या जोडीत तिथे पंधरा ओळी नायलॉनचा बारीक धागा सोबत धरून विणायचा. रफू करून चालणार नाही, रफूचा उंचवटा म्हणजे परत शिवण. भोक पडण्याआधीच तेवढ्या जागेवर टाक्यावर टाका ओवून घ्यायचा, तोही बाहेरून.

आज सूज थोडी कमी, घेर संध्याकाळीही २३.६. पुढची जोडी ७२ चीच ठेवतेय. मी टेप काढेपर्यंत आप्पांनी धोतर वर घेऊन पाय माझ्या समोरच्या पाटावर ठेवला होता.